इंग्रजी वाक्यं जोडताना: अर्थ पाठ करण्याआधी शब्दाची जागा ओळखा

मराठी माध्यमात शिकून आता ऑफिसात इंग्रजी मेल लिहायची वेळ आलेल्यांसाठी हा लेख आहे. सुटं वाक्य बरोबर येतं. दोन वाक्यं एकमेकांना जोडायची म्हटली की अडतं. मीही याच वाटेने गेले आहे आणि आता ऑफिसात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना रोज त्याच ठिकाणी अडखळताना बघते.

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा अर्थांच्या याद्यांमध्ये असतं. 'बट' म्हणजे पण, 'हाउएव्हर' म्हणजे पण, 'येट' म्हणजे पण, 'दो' म्हणजेही पण. यादी पाठ होते आणि वाक्य तरीही चुकतं, कारण हे चारही शब्द अर्थाने जवळचे असले तरी वाक्यात वेगवेगळ्या जागी बसतात. म्हणून जागेपासून सुरुवात करू.

इथली इंग्रजी उदाहरणं देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना ती रोमन लिपीत लिहा आणि विरामचिन्हं जशीच्या तशी ठेवा. या विषयात स्वल्पविरामालाही शब्दाइतकंच महत्त्व आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक वही आणि दोन रंगांची पेनं.
- तुम्ही स्वतः पाठवलेले चार-पाच जुने इंग्रजी मेल. सरावाला पुस्तकातल्या वाक्यांपेक्षा हे कितीतरी उपयोगी पडतात.
- शिकणाऱ्यांसाठी असलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन्हींच्या अशा डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात शब्दाशेजारी त्याची जात लिहिलेली असते: कंजंक्शन, अ‍ॅडव्हर्ब की प्रिपोझिशन. अर्थाआधी तिथे बघायची सवय लावा. 'सिन्स' आणि 'बिफोर' यांच्यापुढे तर तिन्ही जाती सापडतील.

१. आधी क्रियापदं मोजा

वाक्य लिहून झालं की एका रंगाने काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करा: 'केम', 'इज वेटिंग', 'हॅज स्टॉप्ड', 'विल कॉल'. अशी प्रत्येक खूण म्हणजे साधारण एक वाक्य. दुसऱ्या रंगाने जोडणारे शब्द अधोरेखित करा.

आता हिशोब सोपा आहे. जोडशब्द वाक्यांपेक्षा एकने कमी हवेत. दोन वाक्यांना एक, तीन वाक्यांना दोन.

'इट वॉज लेट, आय वेंट होम.' इथे वाक्यं दोन आणि जोडशब्द एकही नाही. नुसत्या स्वल्पविरामाने इंग्रजी वाक्यं जोडली जात नाहीत. मराठीत 'उशीर झाला होता, मी घरी गेले' हे खपून जातं, त्यामुळे ही चूक आपल्या डोळ्याला दिसतच नाही.

'ऑल्दो इट वॉज लेट, बट आय स्टेड.' इथे वाक्यं दोन आणि जोडशब्दही दोन, म्हणजे एक जास्त.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'आय थिंक ही इज राइट' यात जोडशब्द दिसत नाही, पण मधला 'दॅट' गाळलेला आहे, तो मोजा. आणि 'हू', 'विच' हेही जोडायचं काम करतात, त्यांनाही धरा.

२. शब्द कोणत्या गटातला ते ठरवा

शाळेत संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य शिकलो, प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक उभयान्वयी अव्ययं पाठ केली, ती इथे थेट कामाला येतात.

पहिला गट 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो', 'येट' यांचा. हे दोन बरोबरीची वाक्यं जोडतात आणि कायम मध्येच बसतात. त्यांच्या आधी स्वल्पविराम येतो, वाक्यं अगदी छोटी असतील तर तोही गाळतात. या गटात 'नॉर' आणि 'फॉर' हेही आहेत, पण कारण सांगणारा 'फॉर' आता पुस्तकी झाला आहे, मेलमध्ये तो नको.

दुसरा गट 'बिकॉज', 'ऑल्दो', 'इफ', 'व्हेन', 'अनलेस', 'अंटिल', 'व्हाइल' यांचा. हे ज्या वाक्याला चिकटतात ते गौण होतं आणि एकटं उभं राहू शकत नाही. मात्र ते आपला जोडशब्द घेऊन पुढे किंवा मागे सरकू शकतं. पुढे आलं की दोन्हींमध्ये स्वल्पविराम द्यायचा. मागे असलं तर बहुतेकदा लागत नाही, 'ऑल्दो' मात्र मागे असला तरी आधी स्वल्पविराम घेतो.

तिसरा गट खरा फसवा: 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'अदरवाइज', 'मीनव्हाइल', 'इन्स्टेड', 'देन'. ही क्रियाविशेषणं आहेत. दोन वाक्यांतला संबंध ती सांगतात, पण व्याकरणाच्या हिशोबात जोडत नाहीत. पायरी १च्या मोजणीत त्यांची किंमत शून्य. त्यांच्या आधी पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, नाहीतर पहिल्या गटातला एखादा शब्द सोबतीला हवा, जसं 'अँड देन' किंवा 'अँड देअरफोर'.

एकच मजकूर तिन्ही गटांनी लिहून बघा:

- 'द हॉटेल वॉज स्मॉल, बट द फूड वॉज गुड.'
- 'ऑल्दो द हॉटेल वॉज स्मॉल, द फूड वॉज गुड.'
- 'द हॉटेल वॉज स्मॉल. हाउएव्हर, द फूड वॉज गुड.'

गट ओळखता येत नसेल तर शब्द हलवून बघा. तिसऱ्या उदाहरणात 'द फूड, हाउएव्हर, वॉज गुड' असंही लिहिता येतं आणि 'द फूड वॉज गुड, हाउएव्हर' असंही. 'बट' असा हलवता येत नाही. आपल्याच वाक्यात जो शब्द मोकळा फिरतो तो क्रियाविशेषण समजा.

'हाउएव्हर'च्या पुढचा स्वल्पविराम विसरू नका. तो नसेल तर वाचणारा भलताच अर्थ धरतो, कारण 'हाउएव्हर हार्ड आय ट्राय' म्हणजे 'मी कितीही प्रयत्न केला तरी'.

३. मराठीच्या जोड्यांतला एकच शब्द इंग्रजीत न्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठी मिश्र वाक्य जोडीने चालतं. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, जसं-तसं: एक शब्द गौण वाक्यात, दुसरा मुख्य वाक्यात. बोलताना आपण पहिला बऱ्याचदा गाळतो ('पाऊस आला तर जाऊ नको'), पण दुसरा सोडवत नाही. इंग्रजीत नेमकं उलट आहे. पहिला ठेवतात आणि दुसऱ्याची जागा मोकळी सोडतात.

म्हणून 'जरी त्याला ताप होता तरी तो आला' हे मनात आलं की 'तरी'साठी हात 'बट'कडे किंवा 'स्टिल'कडे जातो. 'ऑल्दो ही हॅड फीव्हर, ही केम.' इथे थांबायचं. वाक्य अर्धवट वाटेल, पण ते पूर्ण आहे. 'स्टिल' जोर देण्यासाठी घालता येतो, कारण तो क्रियाविशेषण आहे आणि मोजणीत येत नाही: 'ही स्टिल केम'. 'बट' मात्र नाही. 'बट'च हवा असेल तर 'ऑल्दो' काढा.

'अ‍ॅज' किंवा 'सिन्स'ने कारण सांगून पुढे 'सो' लावणं हीही तीच चूक आहे. 'अ‍ॅज द सर्व्हर वॉज डाउन, सो वुई कुड नॉट लॉग इन' यातला 'सो' काढा.

जर-तर थोडं सैल आहे. 'इफ... देन' चूक नाही, इंग्रज माणूसही युक्तिवाद करताना तसं बोलतो. पण 'इफ यू आर फ्री, देन कॉल मी' असं प्रत्येक वेळी लिहिलं की भाषा जड होते. 'इफ यू आर फ्री, कॉल मी' पुरतं.

आणि 'इव्हन'. 'त्याला ताप असूनसुद्धा' यातल्या 'सुद्धा'साठी पुष्कळजण नुसता 'इव्हन' वापरतात: 'इव्हन ही हॅड फीव्हर, ही केम.' एकटा 'इव्हन' वाक्यं जोडत नाही. 'इव्हन दो' म्हणजे जरी-तरी, आणि गोष्ट खरंच घडलेली. 'इव्हन इफ' म्हणजे घडली तरी, न घडली तरी.

एक जोडी मात्र फार सुरेख जुळते. 'एकदा का पैसे आले की कळवतो' हे इंग्रजीत 'वन्स द मनी कम्स, आय विल लेट यू नो'. 'वन्स' म्हणजे नुसतं 'एकदा' असं शिकल्यामुळे आपण तो जोडशब्द म्हणून वापरतच नाही. वापरा, मेलमध्ये रोज लागतो.

४. 'जोपर्यंत'मधलं 'नाही' मराठीतच ठेवा

'मी येत नाही तोपर्यंत थांब.' मराठीत इथे नकार हवाच. इंग्रजीत 'वेट हिअर अंटिल आय कम'. 'अंटिल'चा अर्थच 'त्या क्षणापर्यंत' असा असल्यामुळे नकाराला जागा उरत नाही. 'अंटिल आय डोन्ट कम' हे वाक्य भारतातल्या कुठल्याही ऑफिसात समजलं जातं, परदेशातला माणूस मात्र ते वाचून थबकतो.

'अनलेस'चंही तसंच. त्याच्या पोटातच 'जर नाही' आहे. 'फॉर्म भरला नाही तर पैसे मिळणार नाहीत' याचं 'अनलेस यू फिल इन द फॉर्म, यू वोन्ट गेट द मनी'. पहिल्या भागात 'डोन्ट' घातलं तर अर्थ उलटा होतो. खात्री नसेल तर सरळ 'इफ यू डोन्ट' लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

५. गौण वाक्यात 'विल' शोधा आणि काढा

'तू येशील तेव्हा देईन.' मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत 'विल' एकदाच, मुख्य वाक्यात: 'आय विल गिव्ह इट टू यू व्हेन यू कम.' वेळ दाखवणारे 'व्हेन', 'अंटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'अ‍ॅज सून अ‍ॅज' आणि अट घालणारे 'इफ', 'अनलेस' यांच्या मागून येणाऱ्या वाक्यात साधा वर्तमानकाळ येतो, गोष्ट उद्याची असली तरी.

हे विचित्र वाटत असेल तर 'उद्या पाऊस पडला तर मॅच होणार नाही' याकडे बघा. गोष्ट उद्याची आणि रूप 'पडला', म्हणजे भूतकाळाचं. क्रियापदाचं रूप आणि खरी वेळ वेगवेगळी असणं आपल्याला नवीन नाही, इंग्रजीत फक्त तिथे वर्तमानकाळ येतो: 'इफ इट रेन्स टुमॉरो'.

'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे मात्र बरोबर आहे. तिथला 'व्हेन' म्हणजे 'केव्हा', 'जेव्हा' नाही.

६. 'म्हणून' आला की विचारा: परिणाम की हेतू?

मराठी व्याकरणात 'म्हणून' परिणामबोधकातही येतो आणि उद्देशबोधकातही. 'लवकर निघाले म्हणून लोकल मिळाली' हा परिणाम. 'लोकल मिळावी म्हणून लवकर निघाले' हा हेतू. इंग्रजीत दोन्हीकडे 'सो' येऊ शकतो, पण मांडणी बदलते:

- परिणाम: 'आय लेफ्ट अर्ली, सो आय कॉट द ट्रेन.' आधी स्वल्पविराम, आणि 'सो' जागचा हलत नाही.
- हेतू: 'आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय कुड कॅच द ट्रेन.' स्वल्पविराम नाही. बोलताना 'दॅट' गळतो, पण 'कुड', 'कॅन' किंवा 'विल' राहतो.

'पाऊस आलाच तर असू दे, म्हणून छत्री घे' इथे आणखी वेगळा जोडशब्द लागतो: 'टेक अ‍ॅन अम्ब्रेला इन केस इट रेन्स.' 'इफ इट रेन्स' लिहिलंत तर अर्थ होईल, पाऊस आला की मग छत्री घे.

आता 'कारण'. मराठीत कारण वाक्याच्या मागे येतं आणि पूर्णविरामानंतरही चालतं: 'मी आले नाही. कारण मला बरं नव्हतं.' म्हणूनच आपल्या मेलमध्ये 'बिकॉज आय वॉज नॉट वेल.' असं एकटं वाक्य उभं असतं. चॅटवर, किंवा कोणी 'का' विचारल्यावर उत्तर म्हणून ते चालतं. मेलमध्ये ते आधीच्या वाक्याला जोडा. आणि 'बिकॉज'ला पुढेही आणता येतं, जे 'कारण'ला मराठीत जमत नाही. 'बिकॉज आय वॉज नॉट वेल, आय डिड नॉट कम' हे मराठीत 'बरं नव्हतं म्हणून आले नाही' असंच होईल.

या पुढे आणण्याचा मोठा फायदा नकाराच्या वाक्यात होतो. 'आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज द पे वॉज लो.' याचे दोन अर्थ निघतात: पगार कमी होता म्हणून नोकरी सोडली नाही, किंवा सोडली, पण कारण पगार नव्हतं. दुसरा अर्थ जास्त पटण्यासारखा आहे. 'बिकॉज'चा भाग पुढे आणला की मात्र पहिलाच अर्थ उरतो. आधी नकार आणि मागून 'बिकॉज' दिसला की वाक्य पुन्हा वाचा आणि शंका असेल तर मोडून दोन वाक्यं करा.

मांडणीबद्दल माझं ठाम मत सांगते. मराठीत आपण कारणं आधी रचतो आणि मागणी शेवटी सांगतो: 'आईची तब्येत बरी नसल्यामुळे आणि घरी दुसरं कोणी नसल्यामुळे मला उद्या सुट्टी हवी आहे.' इंग्रजी मेलमध्ये मागणी आधी लिहा: 'आय नीड लीव्ह टुमॉरो बिकॉज माय मदर इज अनवेल.' उद्धटपणा वाटेल अशी भीती असेल तर 'कुड आय टेक' म्हणा, पण क्रम तोच ठेवा.

७. 'की'चं भाषांतर दर वेळी 'दॅट' होत नाही

'तो म्हणाला की तो येईल' इथे 'दॅट' चालतो. पण 'त्याने विचारलं की तू कुठे चाललीस' इथे 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग' हे चूक. मोजणी करा: 'दॅट' एक आणि 'व्हेअर' दुसरा, जोडशब्द जास्त झाला. बरोबर वाक्य 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग'. प्रश्नाचा क्रमही गेला हे पाहा, 'वॉज आय' नाही, 'आय वॉज'.

हो-नाहीचा प्रश्न असेल, म्हणजे मराठीत शेवटी 'का' असेल, तर 'इफ' किंवा 'वेदर': 'शी आस्क्ड मी इफ आय वॉज फ्री.'

८. पुढे नाम असेल तर शब्द बदला

'बिकॉज', 'ऑल्दो', 'व्हाइल' यांच्यापुढे पूर्ण वाक्य लागतं. नुसतं नाम असेल तर अनुक्रमे 'बिकॉज ऑफ', 'डिस्पाइट', 'ड्युरिंग'. 'बिकॉज इट वॉज रेनिंग', पण 'बिकॉज ऑफ द रेन'. 'डिस्पाइट'ला 'ऑफ' लागत नाही, 'इन स्पाइट ऑफ'ला लागतो.

९. बोलण्यातले जोडशब्द वेगळे ठेवा

'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर' हे लिहिण्यातले शब्द. चहाच्या टेबलावर कोणी 'देअरफोर' म्हणत नाही. बोलताना 'अँड', 'बट', 'सो', 'बिकॉज' एवढ्यांवर बहुतेक सगळं निभतं आणि ते निभू द्यावं.

त्यात एकाची भर घाला: वाक्याच्या शेवटी येणारा 'दो'. 'महाग होतं. छान होतं पण.' असं आपण मराठीत सहज म्हणतो. नेमकं तेच: 'इट वॉज एक्सपेन्सिव्ह. इट वॉज गुड, दो.' आणि 'नाहीतर' म्हणायचं असेल तेव्हा बोलताना 'अदरवाइज'ची गरज नसते, 'ऑर' पुरतो: 'हरी अप, ऑर यू विल मिस द ट्रेन.'

दहावीत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'मध्ये घोटवलेलं 'नो सूनर... दॅन' परीक्षेसाठी ठेवा. रोजच्या कामात त्याऐवजी 'अ‍ॅज सून अ‍ॅज' वापरा.

१०. एक जुना मेल काढा आणि दुरुस्त करा

नमुन्यासाठी असा मेल घेऊ ('पीओ' म्हणजे पर्चेस ऑर्डर, माल मागवल्याचा कागद):

'ऑल्दो वुई सेंट द पीओ ऑन मंडे, बट द मटेरियल हॅज नॉट कम, देअरफोर द साइट वर्क हॅज स्टॉप्ड. अंटिल द मटेरियल विल नॉट कम, द वर्कर्स विल बी आयडल.'

पहिल्या वाक्यात क्रियापदं तीन: 'सेंट', 'हॅज नॉट कम', 'हॅज स्टॉप्ड'. म्हणजे जोडशब्द दोन हवेत. 'ऑल्दो' आणि 'बट' मिळून दोन झाले, 'देअरफोर' शून्य. संख्या जुळली, तरी वाक्य चुकलंच आहे, कारण ते दोन्ही एकाच सांध्यावर आहेत आणि दुसरा सांधा रिकामा आहे. म्हणून मोजणी करताना प्रत्येक सांधा वेगळा बघा. 'ऑल्दो' काढला, 'देअरफोर'च्या जागी 'सो' आणला. दुसऱ्या वाक्यातला नकार काढला, 'विल' काढला आणि मुख्य गोष्ट पुढे घेतली:

'वुई सेंट द पीओ ऑन मंडे, बट द मटेरियल हॅज नॉट कम, सो द साइट वर्क हॅज स्टॉप्ड. द वर्कर्स विल बी आयडल अंटिल इट कम्स.'

आता तुमचा मेल घ्या आणि ही तपासणी त्याच क्रमाने करा: क्रियापदं, सांधे, जोडीतला जादा शब्द, 'अंटिल'-'अनलेस'जवळचा नकार, गौण वाक्यातला 'विल', शेवटी विरामचिन्हं. टाइप करताना कॉम्प्युटर खाली रेघ ओढतो तेवढ्यावर विसंबू नका. नकारामागच्या 'बिकॉज'चे दोन अर्थ त्याला सहसा दिसत नाहीत, कारण व्याकरणाने ते वाक्य बरोबरच असतं. पहिले काही मेल तपासायला वेळ लागेल, तो लागू द्या. पाठवायच्या आधी एखाद्या सहकाऱ्याला वाचायला दिलात तर आणखी बरं, फक्त त्याला 'इंग्रजी बरोबर आहे का' असं विचारू नका. 'यातून तुला काय कळलं' असं विचारा.